परक्या घरातलं म्हातारपण

पोर्टलंड (ऑरेगन, अमेरिका) :

पोर्टलंडच्या पूर्वेकडच्या वस्तीत बैठी घरं आहेत, पुढे थोडं गवत, दारात गाडी. मधूनच एखाद्या घराच्या पायऱ्यांशेजारी उतरता रॅम्प दिसतो. आत एकमेकांशी नातं नसलेली चार-पाच थकलेली माणसं आणि त्यांना सांभाळणारं एक कुटुंब राहत असण्याची शक्यता इथे बरीच असते. सरकारी दप्तरात अशा घराला ‘ॲडल्ट फॉस्टर होम’ म्हणतात. म्हातारपण आलं की मुलाचं घर किंवा वृद्धाश्रम, एवढ्या दोनच वाटा मोजणाऱ्या आपल्या लोकांनी ही तिसरी वाट नीट पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत गरिबांच्या उपचारांसाठी १९६५ साली मेडिकेड योजना आली. परावलंबी माणूस नर्सिंग होममध्ये गेला तर सरकार खर्च देई. घरगुती सांभाळाला मात्र जवळजवळ काही मिळत नसे. त्यामुळे फक्त अंघोळीला आणि जेवणाला हात लागणारी माणसंही त्या मोठ्या इमारतींत जाऊन पडत. १९८१मध्ये कायदा बदलला, हा पैसा घरगुती सांभाळावर खर्च करायची मुभा राज्यांना मिळाली, आणि ती सर्वांत आधी ऑरेगनने घेतली.

अपंगांची कहाणी याहून कडू आहे. ऑरेगनची राजधानी सेलम इथे १९०८पासून बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी फेअरव्ह्यू ही सरकारी संस्था होती. तिथल्या अनेकांची सक्तीने नसबंदी केली गेली. फेअरव्ह्यू २०००मध्ये बंद झाली, आणि २००२मध्ये गव्हर्नर जॉन किट्झहाबर यांनी त्या नसबंदीबद्दल राज्याच्या वतीने माफी मागितली. पूर्वी ज्यांना अशा संस्थेत टाकलं गेलं असतं, ती माणसं आज साध्या गल्लीतल्या अशाच साध्या घरांत राहतात.

नियम बारीक आहेत. एका घरात पाचांहून जास्त माणसं ठेवता येत नाहीत. आग लागली तर सगळ्यांना तीन मिनिटांत बाहेर काढता आलं पाहिजे, आणि त्याचा सराव करावा लागतो. परवाना दर वर्षी नव्याने घ्यायचा, तपासणीला माणूस न कळवता येणार. मला सर्वांत शहाणी वाटली ती नर्सबद्दलची तरतूद. इन्सुलिनचं इंजेक्शन कसं द्यायचं ते नर्स घर चालवणाऱ्यांना शिकवते, हाताची खात्री करून घेते आणि तेवढं काम त्या माणसापुरतं लेखी सोपवते. हे नसतं तर मधुमेहाच्या कितीतरी म्हाताऱ्यांना केवळ एका सुईसाठी घर सोडावं लागलं असतं.

राहण्या-जेवणाचे पैसे माणूस आपल्या पेन्शनमधून देतो, हातखर्चाला थोडे त्याच्याकडे राहतात. ऐपत नसेल तर सांभाळाचा खर्च मेडिकेड उचलतं. ऐपत असलेले महिन्याला काही हजार डॉलर स्वतः भरतात, आणि बचत आटली की तेही मेडिकेडच्या दारात येतात. पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, मेडिकेअर, या दीर्घ सांभाळाला पैसे देत नाही. पोर्टलंडलगतच्या बीव्हर्टन-हिल्सबरोकडच्या मराठी घरांनी, आईवडिलांना कायमचं इकडे आणण्याआधी, एवढं तरी माहीत करून घ्यावं.

यातली बरीच घरं रुमानियातून आलेली कुटुंबं चालवतात. अशाच एका घरी मी दुपारभर बसले होते. लाकडाच्या गिरणीत आयुष्य गेलेल्या, अर्धांगवायू झालेल्या आजोबांना कॉफी पातळ वाटली, तर घर चालवणाऱ्या रुमानियन बाईंनी ती ओतून दुसरी केली. शेजारच्या आजी दर थोड्या वेळाने तोच प्रश्न विचारत होत्या, मुलगा किती वाजता येणार. बाई प्रत्येक वेळी वळून, त्यांच्याकडे बघून उत्तर देत होत्या.

पैसे घेऊन केलेली सेवा कोरडी, असं आपल्याकडे सहज बोललं जातं. मला ते पटत नाही. हेच काम आपल्या घरातली सून किंवा मुलगी बिनपगारी, बिनसुट्टी करते. तिची कंबर गेली तरी कोणी विचारत नाही, आणि म्हाताऱ्यावर हात उगारला गेला तरी तपासायला कोणी येत नाही. इथे दोन्हींची नोंद होते. गैरप्रकार इथेही घडतात, पण तक्रार ऐकायला राज्याचा लोकपाल आहे, त्याचे स्वयंसेवक घरोघर जातात.

आणि तुलना करायची तर ती एकट्या फ्लॅटशीही करायला हवी. जून २०२१मध्ये पोर्टलंडचा पारा ४६ अंशांच्या वर गेला. त्या उष्णतेत इथे जे गेले, त्यांत बहुतेक एकटे राहणारे वयस्क होते. पाच जणांच्या घरात निदान कोणीतरी खोलीत डोकावतं.

हा सगळा डोलारा मात्र थोड्या बायकांच्या पाठीवर उभा आहे. मेडिकेडची माणसं ठेवणाऱ्या घरचालकांची संघटना आहे, ती दरांसाठी राज्याशी बोलणी करते. रात्री तीनदा उठावं लागणाऱ्या माणसाचे जादा पैसे मिळायलाच हवेत, असं त्या रुमानियन बाई ठासून म्हणाल्या. त्यांना दोन दिवस गावाला जायचं तर नियमांत बसणारी बदली बाई मिळत नाही. मुलगी सिअॅटलला दंतवैद्यक शिकते आहे, ती हे घर पुढे चालवणार नाही. माणसं उचलण्याचं काम साठीनंतर झेपणार नाही, हे बाईंनी स्वतःच सांगितलं; त्यांचा परवाना पुढे कोण घेणार, हे अजून ठरलेलं नाही.