पावती कुणाच्या नावावर?

मे महिन्यात येरमाळ्याहून मुंबईला खालाकडे गेले. ओव्हल मैदानाजवळ, दुसऱ्या महायुद्धाआधीच्या इमारतीत तिची एका बेडरूमची भाड्याची जागा. (हा परिसर २०१८ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.) मुलाने सगळे नवे केले, मोझॅक फरशी मात्र जुनीच ठेवली; घासून काढल्यावर आमच्या धाब्याच्या घरातल्या सारवलेल्या जमिनीसारखी गार!

भाडेपावतीवर नाव अजून मरहूम खालूंचेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरूच्या मृत्यूवेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला हा हक्क मिळतो. लाखो रुपये लावण्याआधी हे पाहायला नको?

“बेटा, इद्दतीत कोण पावतीचं बोलणार? मग राहूनच गेलं,” खाला म्हणाली.

रेशनकार्ड, विजेची बिले, मृत्यूचा दाखला काढला आणि मालकाला द्यायचा अर्ज रात्रीच लिहिला. सही खालाची.