वाशिष्ठीतला गाळ काढला, मग चिपळूणचा पूर किती सेंटिमीटरनं उतरेल?

22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये शिरलेलं पाणी बघता बघता बाजारपेठेतल्या दुकानांच्या पाट्यांपर्यंत गेलं. एसटी आगाराचे व्यवस्थापक आगाराची रोकड सांभाळत कित्येक तास बसच्या टपावर बसून होते, ही बातमी तेव्हा देशभर फिरली. वीज गेलेल्या कोविड रुग्णालयात आठ रुग्ण दगावले. बहादूरशेख नाक्याजवळचा महामार्गावरचा जुना पूल खचला. 26 जुलै 2005 चा पूर पाहिलेल्या लोकांनाही हे पाणी त्याच्या वरचढ वाटलं.

त्यानंतर डिसेंबरमध्ये चिपळूण बचाव समितीनं साखळी उपोषण केलं आणि वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांमधला गाळ काढायचं काम सुरू झालं. जलसंपदा विभागाची पोकलेन आणि डंपर आले, शिव नदीत नाम फाउंडेशननं काम केलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात बातमी येते की इतके लाख घनमीटर गाळ निघाला. मग प्रत्येकाच्या मनात साहजिक प्रश्न येतो: आता पूर येणार नाही ना?

या प्रश्नाचं उत्तर घनमीटरमध्ये मिळत नाही. का, ते सोप्या गणितानं बघू.

नदी ही टाकी नाही, रस्ता आहे

समजा नदीतून 10 लाख घनमीटर गाळ काढला. म्हणजे नदीत 10 लाख घनमीटर जास्त पाणी मावेल, बरोबर? बरोबर आहे, पण त्याचा उपयोग किती? 100 चौरस किलोमीटर डोंगरावर फक्त 10 मिलिमीटर पाऊस पडून तो सगळा वाहून आला, तरी तेवढंच पाणी होतं. कोकणात जुलैमध्ये 10 मिलिमीटर म्हणजे चहा होईपर्यंत पडलेली सर. दुसऱ्या बाजूनं बघा: पुरात सेकंदाला 1000 घनमीटर पाणी येत असेल, तर ही नवी जागा 17 मिनिटांत भरते. संपला विषय.

म्हणून गाळ काढण्याचा फायदा साठवण म्हणून मोजायचाच नाही. तो मोजायचा वाहून नेण्याच्या क्षमतेत. मुंबईच्या हायवेवर एक लेन वाढवली तर तिथं जास्त गाड्या उभ्या राहतात म्हणून फायदा होत नाही. तासाला जास्त गाड्या पुढे जातात म्हणून होतो. तसंच हे.

ही क्षमता काढायला सिव्हिलवाले मॅनिंगचं सूत्र वापरतात. रॉबर्ट मॅनिंग हा एकोणिसाव्या शतकातला आयरिश इंजिनिअर. त्याच्या सूत्रात चार गोष्टी येतात: पात्राची रुंदी, खोली, पाण्याचा उतार आणि पात्राचा खडबडीतपणा. रुंद नदीत रुंदी 20 टक्के वाढवली तर प्रवाह 20 टक्केच वाढतो. पण खोली 5 मीटरची 6 मीटर केली, म्हणजे तीही 20 टक्केच वाढवली, तर प्रवाह साधारण 35 टक्क्यांनी वाढतो. कारण खोल पाणी नुसतं जास्त नसतं, ते वेगानंही जातं. खडबडीतपणाचा हिशोब उलटा चालतो. गाळाच्या बेटांवर झाडंझुडपं माजली आणि पात्र दुप्पट खडबडीत झालं, तर त्याच जागेतून निम्मंच पाणी जातं. म्हणून पात्रातली बेटं आणि त्यावरची झाडी काढणं हे दिसायला साधं, पण फार कामाचं काम आहे.

इथवर सगळं गाळ काढण्याच्या बाजूनं आहे. आता अडचण.

खाडी परत ढकलते तेव्हा

वाशिष्ठी सह्याद्रीवरून धाडकन खाली येते आणि चिपळूणपाशी एकदम सपाट होते. वेग कमी झाला की पाणी सोबत आणलेली माती, दगड-गोटे तिथंच टाकतं. पुढे दाभोळच्या खाडीपर्यंत उतार इतका कमी आहे की भरतीचा परिणाम चिपळूणच्या वेशीपर्यंत जाणवतो.

मॅनिंगच्या सूत्रात उताराचं वर्गमूळ असतं. पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार पाव झाला तर प्रवाह निम्मा होतो. भरतीच्या वेळी खालची पातळी चढते, तसा हा उतार कमी होतो आणि वरून येणारं पाणी तुंबायला लागतं. 2021 मध्ये 24 जुलैला गुरुपौर्णिमा होती. म्हणजे 22 तारखेला समुद्र उधाणाच्या जवळच होता. डोंगरातला पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की खोल केलेल्या पात्राचा बराचसा फायदा त्या काही तासांत खाल्ला जातो.

याचा अर्थ गाळ काढणं वाया, असा मुळीच नाही. मधल्या प्रतीच्या पुरात, ओहोटी असताना, त्यामुळे पाण्याची पातळी नक्की खाली राहते आणि आलेलं पाणी लवकर ओसरतं. दुकानदाराच्या दृष्टीनं पाणी ओट्याला लागून परत जाणं आणि गल्ल्यापर्यंत चढणं यातला फरक काही सेंटिमीटरचाच असतो. फक्त 2021 सारख्या पुराला हा एकटा उपाय पुरेल, असं कोणी सांगत असेल तर त्याला भरतीचं वेळापत्रक दाखवावं.

कोयनेचं अवजल

चिपळूणची गोष्ट कोयनेशिवाय पूर्ण होत नाही. कोयना नदी पूर्वेला कृष्णेकडे जाते, पण तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून पोफळी, अलोरे आणि कोळकेवाडी इथं वीज बनवली जाते. प्रकल्पाची एकूण क्षमता 1960 मेगावॉट. टर्बाइनमधून बाहेर पडलेलं पाणी, म्हणजे अवजल, शेवटी वाशिष्ठीत येतं. कृष्णा लवादानं यासाठी वर्षाला 67.5 टीएमसी पाणी ठरवून दिलं आहे.

हे वर्षभर समान वाटलं तर सेकंदाला सुमारे 60 घनमीटर होतं. ऐकायला फार नाही. पण वीज सरासरीनं बनत नाही, मागणी वाढली की बनते, त्यामुळे चालू तासांतला विसर्ग याच्या कितीतरी पट असतो. 2021 नंतर धरणातून पाणी सोडल्यानं पूर आला की नुसत्या पावसानं, यावर भरपूर वाद झाला. माझ्या मते त्यातला उपयोगी भाग वेळेचा आहे. शहराजवळ नदी काठोकाठ असताना आणि भरती चढत असताना काही तास टर्बाइन थांबवता येतात का, हे आधीच लिहून ठेवलेलं असायला हवं. याला काँक्रीट लागत नाही. पावसाची, नदीच्या पातळीची आणि भरतीची आकडेवारी एकाच स्क्रीनवर हवी आणि निर्णय कुणी घ्यायचा ते ठरलेलं हवं. हे अवजल मुंबईसारख्या दुसऱ्या ठिकाणी न्यायचे प्रस्ताव जुने आहेत. पण त्याची वाट बघत बसलो तर बरेच जुलै जातील.

अवजलाचा गाळ काढण्यावरही परिणाम होतो. इतर नद्या उन्हाळ्यात आटतात, वाशिष्ठी वाहती राहते. वीजनिर्मिती सुरू झाली की पात्रातली पातळी चढते, खालच्या भागात दिवसातून दोनदा भरती येते. उरलेल्या वेळात पोकलेन चालवायची. आणि हे सगळं पावसाळा संपल्यापासून मे अखेरपर्यंत.

काढलेला गाळ जातो कुठे?

बातम्यांत हा प्रश्न क्वचित येतो. गाळ काठावरच ढीग करून ठेवला तर पहिल्या मोठ्या पावसात त्यातला बराच भाग घरी परत येतो, म्हणजे नदीत. दुसरा धोका जास्त लबाड आहे. सखल प्लॉट भरायला गाळाला मागणी असते. पण पुराच्या वेळी पाणी पसरायची जागा तीच. नदीतून काढलेल्या मातीनं तीच जागा भरली, तर एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं.

गाळाचा पूररेषांशीही संबंध येतो. महाराष्ट्रात निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येण्याइतक्या पुराची, आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येण्याइतक्या. चिपळूणचा मोठा भाग या रेषांच्या आत आल्यानं बांधकाम परवानग्यांवरून मोठा वाद झाला. ‘100 वर्षांतून एकदा’ ऐकून अनेकांना वाटतं, एकदा आला, आता नातवंडं बघतील. तसं नसतं. याचा अर्थ दरवर्षी 1 टक्का शक्यता. तुम्ही 20 वर्षांचं गृहकर्ज काढलं, तर त्या काळात लाल रेषेएवढा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे 18 टक्के, आणि निळ्या रेषेएवढा येण्याची 56 टक्के. म्हणजे निळ्या रेषेवरचं घर हप्ते फिटायच्या आत पाणी बघण्याची शक्यता न बघण्यापेक्षा जास्त.

आता गाळ निघालाय तर रेषा मागे घ्या, ही मागणी समजण्यासारखी आहे. ज्याचा प्लॉट अडकलाय त्याला व्याख्यान नको असतं. पण रेषा नदीच्या आजच्या आकारावरून काढली आणि तीन-चार पावसाळ्यांत गाळ परत भरला, तर घर तिथंच राहील आणि नदी मूळ जागी आलेली असेल.

शहराच्या आतलं पाणी

भिंती बांधा, हा सगळ्यात लोकप्रिय उपाय. पण शिव नदी शहरातून वाशिष्ठीला मिळते. वाशिष्ठी चढली की पाणी शिव नदीतून आणि गटारांतून उलटं आत येतं. भिंत घातली तरी ही तोंडं उघडीच. त्यावर एकाच बाजूला उघडणारी झडप बसवता येते: आतलं पाणी बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. मात्र झडप बंद असताना शहरावर पडणारा पाऊस आतच साचतो. मग पंप आले, पंपांना जनरेटर आला, आणि तो जनरेटर पुराच्या पातळीच्या वर बसवलेला हवा. प्लास्टिकची एक पिशवी अडकली तरी झडप नीट लागत नाही, त्यामुळे दर मे महिन्यात ती उघडझाप करून बघायला माणूस नेमावा लागतो.

2022, 2023 आणि 2024 च्या पावसाळ्यांत 2021 सारखा महापूर आला नाही. ही चांगली गोष्ट आहे, पण काम यशस्वी झाल्याचा हा पुरावा नाही. आमच्या क्षेत्रात म्हणायचं तर सर्व्हरवर लोडच आला नाही, तर तो टिकला असं म्हणता येत नाही.

पुरावा हवा असेल तर नदीचे काटछेद हवेत, म्हणजे ठरावीक ठिकाणी पात्राचा आडवा आकार. तो ड्रोननं पूर्ण मिळत नाही, कारण गढूळ पाण्याखालचा तळ कॅमेऱ्याला दिसत नाही. होडीतून ध्वनिलहरी सोडून खोली मोजावी लागते. हेच मोजमाप मे महिन्यात एकदा आणि नोव्हेंबरमध्ये एकदा, त्याच ठिकाणी केलं की दोन गोष्टी कळतात: एका पावसाळ्यात किती गाळ परत आला, आणि 2021 चाच पाऊस आणि तीच भरती संगणकावर पुन्हा चालवली तर बाजारपेठेतली पातळी किती सेंटिमीटरनं खाली येते. पुढच्या उन्हाळ्यात किती लाख घनमीटर गाळ निघाला ही बातमी आली की नगर परिषदेला आणि जलसंपदा विभागाला हे दोन आकडे विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो.