दैव, दोर आणि दोन मजली पंखांची विमाने

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावात अपघात झाला की लोक दोनच वाक्ये बोलतात. पहिले, "त्याची वेळ भरली होती." दुसरे, "ते का कुणाच्या हातात असते?" मी सातवीत असताना माझे चुलते, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणत असू, एका विहिरीच्या कामावर होते. यारीचा दोर तुटला, दगडांनी भरलेली बकेट खाली कोसळली आणि नाना पुन्हा वर आले नाहीत. तेव्हाही हीच दोन वाक्ये बोलली गेली. तेरावा झाला, ठेकेदाराने नवा दोर आणला आणि काम पुढे सुरू झाले. तुटलेला दोर कुणी हातात घेऊन पाहिल्याचे मला आठवत नाही.

यंदा इतिहासाच्या तासाला पहिल्या महायुद्धानंतरचा युरोप शिकताना सरांनी सांगितले, की युद्ध संपले आणि बाँब टाकणारी विमाने उतारू वाहू लागली. हे वाक्य मनात राहिले. ग्रंथालयात मी त्या विमानांविषयी वाचू लागलो. वाचायला गेलो होतो पराक्रमाच्या कथा; पण थांबलो अपघातांपाशी. कारण तिथे मला माझाच प्रश्न भेटला. दोर तुटल्यावर माणसे काय करतात? मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्रातले मला फारसे कळत नाही. जे समजले ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन पंख कशासाठी?

त्या काळातील बहुतेक मोठ्या विमानांना एकावर एक असे दोन पंख असत. त्यांना बायप्लेन म्हणतात. एकच पंख का नव्हता? इंजिने अशक्त होती, म्हणून विमान हलके हवे. हलके हवे म्हणून सांगाडा लाकडाचा आणि त्यावर कापड ताणलेले. असा एकच लांब, पातळ पंख हवेत वाकून मोडण्याची भीती होती. दोन पंख एकावर एक ठेवून त्यांच्यामध्ये उभे खांब आणि तिरप्या तारा बांधल्या, की आपल्या पत्र्याच्या छपराच्या कैचीसारखी मजबुती येते. हँडली पेज ओ/400 या ब्रिटिश बाँबफेकी विमानाचे पंख असे बांधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तब्बल 100 फूट लांब केलेले होते.

पण या मजबुतीची किंमत मोजावी लागे. खांब आणि तारा वाऱ्याला अडवत, त्यामुळे गती कमी राही. कापडाला ताण यावा म्हणून त्यावर जे रोगण चढवीत ते सहज पेट घेई. आणि सर्वात मोठा धोका होता तो गती घटण्याचा. विमानाचे नाक थोडे वर केले की पंख वाऱ्याला तिरपा होतो आणि उचल वाढते. मात्र हे एका मर्यादेपर्यंतच. त्यापलीकडे गेले की हवा पंखाच्या पाठीला धरून राहत नाही, सुटते, आणि उचल एकाएकी ढासळते. याला स्टॉल असे नाव आहे. जमिनीजवळ इंजिन बंद पडले, की घाबरलेला माणूस विमानाचे नाक वर ओढतो. जगण्यासाठी केलेली तीच धडपड त्याला खाली आणते!

युद्धातून व्यापारात

1919 हे साल शांततेचे. पण विमानांसाठी ते कठीण गेले. 17 मे रोजी रोमजवळ चेंतोचेल्ले येथे उतरण्याच्या प्रयत्नात एक हँडली पेज बाँबफेकी विमान कोसळले व दोन्ही वैमानिक ठार झाले. या विमानातून 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स इजिप्तकडे निघाला होता. हाडे मोडली तरी तो वाचला.

त्यानंतर नऊच दिवसांनी, 26 मे रोजी, इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे टॅरंट टेबर नावाचे प्रचंड विमान पहिल्यांदा उडवून पाहण्यात येत होते. याला दोन नव्हे, तीन पंख होते आणि इंजिने सहा. त्यांतील चार खालच्या भागात, तर दोन बरीच उंचावर बसवलेली. विमान धावू लागले आणि वरची दोन इंजिने जोरात सुरू करताच ते जमिनीवरच नाकावर उलथले. दोन्ही वैमानिक दगावले. उंच गाड्याला माथ्यापाशी धक्का दिला तर तो पुढे सरकण्याऐवजी उलथतो. यातही तसेच झाले. यात दैवाचा भाग कितीसा? इंजिने कोठे बसवायची हे माणसानेच ठरवले होते.

पुढच्या वर्षी, 14 डिसेंबर 1920 रोजी, लंडनच्या क्रिकलवुड मैदानावरून एक ओ/400 पॅरिसकडे निघाले. आता त्यात बाँबऐवजी उतारू बसले होते. हवा धुक्याची होती. उड्डाण होताच विमान जवळच्या गोल्डर्स ग्रीन वस्तीत एका झाडाला धडकून कोसळले व पेटले. आठांपैकी चौघे गेले, चौघे वाचले. यंत्राचा धंदा बदलला म्हणजे यंत्र बदलत नाही, हे येथे दिसले. सैनिक जो धोका पत्करतो तो तिकीट काढून बसलेल्या माणसाने का पत्करावा, हा प्रश्न आता उभा राहिला.

आकाशात डावे-उजवे

7 एप्रिल 1922 चा प्रसंग वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. लंडनजवळच्या क्रॉयडनहून टपाल घेऊन एक डी हॅविलँड विमान पॅरिसला निघाले होते. पॅरिसहून उतारू घेऊन फार्मन गोलियाथ हे मोठे विमान क्रॉयडनकडे येत होते. दोन्ही बायप्लेनच. रेडिओचा आधार नसलेले वैमानिक त्या काळी खालचे रस्ते आणि रेल्वेचे रूळ पाहून वाट काढीत. धुके असले की खालचे दिसावे म्हणून आणखी खाली उतरत. उत्तर फ्रान्समधील पिकार्डी भागात, सुमारे 150 मीटर उंचीवर, ही दोन विमाने धुक्यातून समोरासमोर आली आणि आदळली. एकूण सात माणसे गेली. त्यांत नुकतेच लग्न झालेले एक जोडपे होते आणि टपालविमानातील एक कोवळा मुलगाही होता. उतारू विमानांची आकाशातील ही पहिली टक्कर होय.

एवढे मोठे आकाश आणि त्यात दोन विमाने एकमेकांवर आदळावीत! आमच्या गावात हे ऐकले असते तर म्हातारी माणसे म्हणाली असती, "बघा, लिहिलेले चुकत नाही." पण त्यानंतर क्रॉयडनला विमान कंपन्यांची माणसे व वैमानिक एकत्र बसले. त्यांनी विचारले, की दोघे एकाच वाटेवर का होते? कारण जमिनीवरची खूण एकच होती. मग ठरले, की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आपापली उजवी बाजू धरावी, मार्ग नीट आखावेत, वैमानिकाला समोरचे स्पष्ट दिसेल अशी रचना असावी, विमानात रेडिओ असावा. बैलगाड्यांच्या वाटेवर जो शहाणपणा माणसाला केव्हाच सुचला होता, तो आकाशात यायला सात जीव जावे लागले.

उघड चौकशी

1924 मध्ये ब्रिटनमधील लहान विमान कंपन्या एकत्र येऊन इंपीरियल एअरवेज स्थापन झाली. त्याच वर्षी 24 डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, तिचे डी हॅविलँड 34 हे विमान क्रॉयडनहून उडाले आणि थोड्याच वेळात कोसळले. वैमानिक आणि सात उतारू असे आठही जण मरण पावले. या अपघाताची चौकशी सार्वजनिकरीत्या झाली. नागरी विमानअपघाताची अशी उघड चौकशी ब्रिटनमध्ये प्रथमच होत होती. उतरण्याच्या प्रयत्नात गती घटून विमान स्टॉल झाले, असे दिसून आले. पण चर्चा केवळ विमानापाशी थांबली नाही. ती मैदानापर्यंत गेली. क्रॉयडनचे मैदान अपुरे होते आणि त्याच्या दोन भागांमधून सार्वजनिक रस्ता जात असे. विमान पलीकडे न्यायचे तर रस्त्यावरची वाहने थांबवावी लागत, आपल्याकडे रेल्वेच्या फाटकावर थांबवतात तशी. पुढे कायदा करून मैदान वाढवण्यात आले आणि 1928 मध्ये तेथे नवे विमानतळ उभे राहिले.

याच सुमारास स्टॉलवरही उपाय निघत होता. गुस्टाव लाखमान हा जर्मन तरुण 1917 मध्ये वैमानिकाचे शिक्षण घेत असता त्याचे विमान असेच स्टॉल होऊन पडले. रुग्णालयात पडल्या पडल्या तो विचार करीत राहिला आणि त्याला सुचले, की पंखाच्या पुढच्या कडेला फट ठेवली तर तिच्यातून येणारी हवा पंखावरील प्रवाह सुटू देणार नाही. इंग्लंडमध्ये हँडली पेज यांनाही स्वतंत्रपणे हीच कल्पना सुचली होती, आणि पुढे लाखमान त्यांच्याच कंपनीत काम करू लागला. खाटेवर पडलेल्या माणसाने "माझी वेळ भरली नव्हती" एवढेच म्हणून समाधान मानले असते तर?

आपल्याकडे येणारी वाट

30 मार्च 1929 रोजी लंडन ते कराची अशी विमानटपाल सुरू झाली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एकपंखी पुस मॉथ विमानातून जी टपाल कराचीहून मुंबईच्या जुहूला आणली, ती याच वाटेची पुढची कडी होय. या वाटेवरील बायप्लेनांनी फार किंमत दिली. पहिल्याच वर्षी, 6 सप्टेंबर 1929 रोजी, इराणच्या किनाऱ्यावर जास्क येथे अंधारात उतरताना 'सिटी ऑफ जेरुसलेम' कोसळून तिघे गेले. 26 ऑक्टोबरला 'सिटी ऑफ रोम' हे समुद्रावर उतरणारे विमान इटलीतील स्पेत्सियाजवळ वादळात पाण्यावर उतरले. ते ओढून किनाऱ्याला नेण्याची खटपट चालू असतानाच बुडाले आणि सातही जण गेले. 31 डिसेंबर 1935 रोजी 'सिटी ऑफ खार्टूम' अलेक्झांड्रियाचा किनारा जवळ आला असता समुद्रात पडले. तेरांपैकी एकटा वैमानिक कित्येक तासांनी वाचवला गेला. कारण काय? इंजिनांना इंधन पुरले नाही. आमच्या मोटारपंपाचे डिझेल संपले तर पीक वाळते. तिथे बारा माणसे गेली.

प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळतेच असे मात्र नाही. 28 मार्च 1933 रोजी बेल्जियममधील डिक्समुइडेजवळ 'सिटी ऑफ लिव्हरपूल' हवेतच पेटले व पंधरा जण मेले. कुणा उतारूनेच आग लावली असावी असा संशय आला, पण तो सिद्ध झाला नाही. हँडली पेज 42 ही चार इंजिनांची, संथ चालीची बायप्लेने सुरक्षिततेसाठी नावाजलेली होती; शांततेच्या काळात त्यांच्या सेवेत एकही उतारू दगावला नाही. त्यांपैकीच 'हॅनिबल' 1 मार्च 1940 रोजी, दुसरे महायुद्ध चालू असता, आठ जणांसह ओमानच्या आखातावर नाहीसे झाले. त्यात मद्रास प्रांतातील नेते सर ए. टी. पन्नीरसेल्वम होते. ते विमान सापडले नाही. म्हणजे चौकशी ही काही सर्वज्ञ नसते. पण न सापडलेले उत्तर आणि न विचारलेला प्रश्न यांत फार अंतर आहे. पहिल्यात दुःख असते; दुसऱ्यात दुःखाबरोबर पुढच्या माणसाचा मृत्यूही लपलेला असतो.

पुन्हा विहिरीपाशी

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो, तेव्हा शेजारच्या मळ्यात नव्या विहिरीचे काम चालले होते. मी मुकादमाला म्हणालो, "काका, दोर जरा बघू का?" तो हसला. "कॉलेजात आता हे शिकवतात व्हय रे?" पण त्याने यारी थांबवली आणि दोर उलगडून दाखवला. एका ठिकाणी तारांचे पीळ तुटून टोके वर आली होती. खाली उतरायला निघालेला गडी माझ्या बाजूला येऊन उभा राहिला आणि बराच वेळ त्या जागेवरून बोट फिरवीत राहिला. त्या दिवशी काम बंद राहिले. अर्धी मजुरी बुडाली म्हणून दोघे-तिघे माझ्यावर रागावलेही.

संध्याकाळी हे आजीला सांगितले. नाना तिचा धाकटा मुलगा. ती काही वेळ गप्प बसली. मला वाटले, आता ती नेहमीचेच वाक्य बोलेल. पण तिने विचारले, "त्या टायमाला बी असंच आधी दिसलं असतं का रे?"

मी म्हणालो, "दिसलं असतं, आजी."

ती पदराने डोळे पुसत चुलीकडे वळली. हे उत्तर तिला द्यायला हवे होते की नको, ते मला अजून ठरवता आलेले नाही. पण ते खोटे नव्हते.