एंजिनाचा ठोका चुकतो तेव्हां

रावेर-यावलच्या मळ्यांत कापलेला केळीचा घड कोणासाठीं थांबत नाहीं. तो वेळेवर बाजारांत पोंचला तरच त्याला भाव. खानदेशांत पुष्कळ ठिकाणीं हें काम जुन्या डीझेल पिकप गाड्यांवर अवलंबून असतें; आणि अशी गाडी भरल्या ओझ्यानिशीं थरथरूं लागली, धुळ्याजवळच्या लळिंगच्या चढणीवर किंवा चाळीसगांवच्या पुढें कन्नडच्या घाटांत धापा टाकूं लागली, म्हणजे मालक व चालक दोघांच्याहि काळजांत धस्स होतें. ‘गाडी मिसिंग मारते’ असें चालक म्हणतात, तें यालाच. अर्थ एवढाच, कीं चार सिलिंडरांपैकीं एखादा आपली पाळी चुकवीत आहे.

अशा वेळीं एकजण नोझल बदलावयास सांगतो, दुसरा पंप उघडावयास सांगतो, तिसरा फिल्टरला दोष देतो. मालक एकामागून एक खर्च करीत जातो आणि दोष मात्र जागच्या जागीं राहतो. वस्तुतः येथें प्रश्न दोन आहेत व त्यांचा क्रम ठरलेला आहे. ‘कोणता सिलिंडर?’ हा पहिला आणि ‘कां?’ हा दुसरा. पहिल्याचें उत्तर मिळण्यापूर्वीं दुसऱ्याकडे वळणें म्हणजे अंधारांत चांचपडणें होय.

डीझेल एंजिनांत ठिणगी नसते. रुडॉल्फ डीझेल यानें 1897 सालीं जर्मनींतील ऑग्सबर्ग येथें जें एंजिन यशस्वी करून दाखविलें, त्याचें तत्त्व सोपें आहे. हवा जोरानें दाबली असतां तापते, आणि ती पुरेशी तापली म्हणजे तींत सोडलेलें तेल आपोआप पेट घेतें. जुन्या पिकपमध्यें ही हवा मूळच्या जागेच्या सुमारें विसाव्या हिश्शांत कोंडली जाते. म्हणून तीन गोष्टी हव्यात: हवेचा पुरेसा दाब, तेलाचा बारीक फवारा आणि अचूक वेळ. एंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असतां प्रत्येक सिलिंडर 400 वेळां पेटतो. त्यांतला एक मुका राहिला कीं लय मोडते.

पहिली परीक्षा कानांची व डोळ्यांची. झटका ठराविक तालांत येत असेल तर एकाच सिलिंडरावर संशय घ्यावा. एंजिन वेडेंवांकडें चालून मधूनच बंद पडत असेल तर दोष बहुधा सर्वांना सामाईक असतो: तेलाच्या नळींत हवा शिरली असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा टाकींत पाणी उतरलें असेल. मग आधीं फिल्टरच्या तळचें पाणी सोडावें व हातपंपानें हवा काढावी. बुडबुडे थांबले कीं स्क्रू आवळावा. ओझें असतांना काळा धूर निघत असेल तर शेतवाटांच्या धुळीनें भरलेला हवेचा फिल्टर प्रथम पाहावा. पांढऱ्या धुराला कच्च्या डीझेलचा उग्र वास येत असेल, तर तेल न जळतांच बाहेर पडत आहे असें समजावें.

एकाच सिलिंडराचा संशय असेल तर दुसरी परीक्षा करावी. एंजिन संथ चालू ठेवून एका नोझलवरील नळीचा नट पान्यानें अर्धा फेरा सैल करावा. त्यावर फडकें धरून ठेवावें; उघडा हात मात्र कधींहि आणूं नये, कारण दाबाखालील तेल कातडी भेदून आंत शिरतें, व तसें झाल्यास दुखत नसलें तरी तत्काळ दवाखाना गांठावा. डोळ्यांवर चष्मा असावा. नट सैल होतांच एंजिनाचा आवाज बदलला, तर तो सिलिंडर काम करीत होता. आवाजांत कांहींच फरक पडला नाहीं, तर चुकार सांपडला. ज्या नव्या गाड्यांत नोझलला विजेची तार जोडलेली असते, त्यांत हजाराहून अधिक वातावरणांचा दाब असतो; तेथें ही परीक्षा सर्वथा वर्ज्य.

आतां ‘कां?’ याचा विचार. एंजिन बंद करून चुकार सिलिंडराचें नोझल शेजाऱ्याला व शेजाऱ्याचें त्याला बसवावें. तांब्याचे वॉशर नवे घालावेत. दोष नोझलबरोबर शेजारीं गेला, तर नोझलच खराब. दोष जागेवरच राहिला, तर नोझल निर्दोष. मग टॅपेटचें अंतर तपासावें, कारण त्यास खर्च नाहीं. त्यानंतर सिलिंडराचा दाब मोजावा. दाब कमी असल्यास वाल्व्ह, रिंग किंवा हेडचें पॅकिंग. दाब ठीक असल्यास त्या नळीला तेल देणारा पंपाचा भाग.

‘तीन सिलिंडरांवर गाडी चालते आहे ना!’ असें म्हणून हंगाम काढणें मात्र महाग पडतें. न जळलेलें डीझेल सिलिंडराच्या भिंतीवरचें ऑइल धुऊन खालीं उतरतें व ऑइल पातळ करतें. फवाऱ्याऐवजीं धार सोडणारें नोझल पिस्टनलाहि भोंक पाडूं शकतें. म्हणून ऑइलच्या पट्टीवर पातळी वाढलेली दिसली व डीझेलचा वास आला, तर माल दुसऱ्या गाडींत भरावा आणि ही गाडी उभी करावी. एका फेरीचें भाडें बुडेल, पण एंजिन वांचेल. आणि कारागिराकडे जातांना मालकाला ‘गाडी बिघडली’ एवढेंच न सांगतां ‘तिसरा सिलिंडर चुकतो’ असें नेमकें सांगतां येईल.