मेंदूच्या दारावरचा पहारा

अकोल्यातील आमच्या वस्तीत एका हमाल भावाचे तोंड सकाळी चहा घेताना वाकडे झाले, हात लुळा पडला. 'वारं गेलं' म्हणून तेल चोळले, अंगारा लावला आणि अमरावतीहून मोठा भाऊ येईपर्यंत घरचे थांबले. दवाखान्यात जाता जाता सायंकाळ झाली. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ टळली होती. विज्ञान शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने आम्हाला विचारले, "काका, मेंदू वाचवणारं औषध आता नाही का देता येत?"

प्रश्न रास्त आहे. १८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी प्राण्याच्या रक्तात रंग सोडला; बहुतेक अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट, की विषाबरोबर बहुतेक औषधेही बाहेरच अडतात. म्हणून संशोधक केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाएवढे चरबीचे कण करून त्यांत औषध भरतात. लोह वाहून आणणाऱ्या प्रथिनाला ही भिंत आत घेते. तेच प्रथिन कणावर चिकटवले, की कणालाही वाट मिळू शकते. (पाहुण्याचा सदरा घालून लग्नात जेवून यावे तसे!) कोरोनाच्या काही लशी अशाच चरबीच्या कणांतून दिल्या गेल्या. लकव्यासाठी मात्र हे काम अजून मुख्यतः उंदरांवरच चालले आहे. नॅनोच्या नावाने कोणी लकव्याची बाटली विकत असेल, तर माता-भगिनींनी पैसे घालवू नयेत.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, यातले एकही दिसले तर १०८ ला फोन करावा. त्रास केव्हा सुरू झाला ती वेळ डॉक्टरांना सांगावी. रक्तस्राव नाही ना, हे सीटी स्कॅनमध्ये पाहूनच ते इंजेक्शन देतात. त्या मुलीने घरच्या कॅलेंडरवर १०८ मोठ्या अक्षरात लिहून ठेवले आहे.