पंधरा सेंटीमीटर

रिओ पॅरालिम्पिकमध्ये १२ सप्टेंबर २०१६ रोजी महिलांच्या एफ-५३ गटाची गोळाफेक झाली. बहारीनच्या फातेमा नेधाम यांनी ४.७६ मीटरच्या फेकीवर सुवर्ण जिंकलं, ४.६१ मीटरवर रौप्य भारताच्या दीपा मलिक यांना मिळालं. पॅरालिम्पिक पदक मिळवणाऱ्या दीपा या पहिल्या भारतीय महिला. साहजिकच आपल्याकडे कौतुक झालं ते त्यांचं. बहारीनसारख्या चिमुकल्या देशाची एक स्त्री त्यांच्या पंधरा सेंटीमीटर पुढे होती, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

साडेचार मीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण उभ्यानं गोळा फेकणारा खेळाडू जोर काढतो तो पायांतून आणि कमरेच्या वळणातून. या गटातल्या खेळाडूंना पाय आणि धड साथच देत नाहीत. जमिनीला पट्ट्यांनी आवळून बसवलेल्या आसनावर त्यांना बांधून बसवतात. गादीसकट त्या आसनाची उंची ७५ सेंटीमीटरच्या वर चालत नाही. फेकताना बूड उचललं गेलं की फेक बाद. धडाला तोल नसलेल्या माणसाला आधी न कोसळता बसायला शिकावं लागतं, फेकणं त्यानंतरचं.

दीपा यांच्या मणक्यातल्या गाठीवर १९९९ साली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा कारगिलचं युद्ध सुरू होतं आणि पती सैन्यात. छातीखालच्या शरीराची संवेदना कायमची गेली. पुढं अहमदनगरला राहत असताना त्यांनी रेस्टॉरंट चालवलं, आणि वयाच्या छत्तिशीत त्या खेळाकडे वळल्या. आधी पोहणं, मग भाला आणि गोळा. महाराष्ट्राकडून खेळून त्यांनी राज्याचा क्रीडा पुरस्कारही मिळवला. ज्या वयात धडधाकट खेळाडू निवृत्त होतात, त्या वयात त्यांची सुरुवात झाली!

खेळ हा आधी उपचार होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत मज्जारज्जू तुटलेले बहुतेक रुग्ण पाठीच्या जखमा आणि लघवीच्या संसर्गानं लवकरच दगावत. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातले डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांच्या उपचारात खेळ आणले. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी १६ जखमी सैनिकांची तिरंदाजी भरवली. पॅरालिम्पिकचं मूळ तिथं आहे.

आपल्या मातीतलं उदाहरण तर सांगलीचं. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या; एक मणक्यात अडकली ती तिथंच राहिली. पाण्यात उतरले ते उपचारासाठी. १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण दिलं. पद्मश्री यायला २०१८ उजाडलं. सेहेचाळीस वर्षं हा उशीर फार मोठा आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये आशियाई युवा पॅरा स्पर्धा बहारीनमध्येच भरल्या. भारताच्या मुलामुलींनी ४१ पदकं आणली, आणि त्या वेळी भारतीय पॅरालिम्पिक समितीच्या अध्यक्ष होत्या दीपा मलिक. अशी मुलं गावोगावी आहेत. त्यांना घराबाहेर काढायला जिल्ह्याच्या क्रीडासंकुलात व्हीलचेअर जाईल असा उतार हवा, पाण्यात उतरवणारा जाणता प्रशिक्षक हवा आणि फेकीचं एक मजबूत आसन हवं. हे आसन गावातला वेल्डरही बनवून देऊ शकेल.