पिल्लू घरी येतं तेव्हा

सुट्टी लागली की अनेक घरांत एकच हट्ट सुरू होतो, ‘आपण कुत्र्याचं पिल्लू आणू या.’ आई-बाबा आठवडाभर नकार देतात, आजी ‘मग त्याचं करणार कोण?’ असं विचारते आणि एके संध्याकाळी टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू घरात येतंच. पहिली रात्र ते रडून काढतं. दुसऱ्या दिवशी चप्पल कुरतडतं. तिसऱ्या दिवशी खेळता खेळता धाकट्याच्या बोटाला त्याचा दात लागतो, थेंबभर रक्त येतं आणि कोणीतरी म्हणतं, ‘एवढंसं तर पिल्लू, त्याला कुठला आलाय रेबीज!’

हे वाक्य धोक्याचं आहे. रेबीजचा विषाणू कुत्र्याचं वय पाहत नाही. लागण झालेल्या कुत्र्याच्या लाळेत हा विषाणू लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच असू शकतो. म्हणजे ते पिल्लू आज खेळकर दिसतं म्हणून निर्धास्त राहता येत नाही. त्यात पिल्लाला रेबीजची लस साधारणपणे तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. घरात मात्र ते दीड-दोन महिन्यांचं असतानाच येतं. रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लाच्या आईची लस झाली होती का, त्याला आधी कोणी चावलं होतं का, हे कोणालाच ठाऊक नसतं.

म्हणून दात लागला किंवा नखाचा ओरखडा उठला, तर पहिलं काम नळाखाली. वाहतं पाणी आणि साबण यांनी जखम पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुतलं तर कळतं, पंधरा मिनिटं किती मोठी असतात ते! त्यावर हळद, चुना, मिरची, चहापूड यांपैकी काहीही लावायचं नाही, घट्ट पट्टीही बांधायची नाही. मग त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. आता ती पोटात नव्हे, दंडात देतात. त्वचेत द्यायच्या पद्धतीत पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि २८व्या दिवशी पुढच्या मात्रा असतात. जखमेतून रक्त आलं असेल, तर लशीच्या जोडीला जखमेत प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळं यांनाही लस देता येते. लक्षणं सुरू झाल्यानंतर रेबीजमधून रुग्ण वाचणं जवळपास अशक्य असतं. वेळेत योग्य उपचार घेतले, तर तो जवळपास नक्की टाळता येतो. आईबाबा रागावतील किंवा पिल्लाला सोडून येतील, या भीतीने मुलं ओरखडे लपवतात. ‘दात लागला तर लगेच सांग, कोणी रागावणार नाही,’ हे पिल्लू आणतानाच मुलांना सांगून ठेवायला हवं.

पिल्लाच्या जिवालाही धोके असतात. पार्व्हो हा त्यातला मोठा. उलट्या, रक्ताची हगवण, खाणंपिणं बंद आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू मान टाकतं. हा आजार माणसाला होत नाही. पण त्याचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि चपलांना चिकटून घरात येतो. त्यावरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, साधारण १६ आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. ‘एवढी इंजेक्शनं कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला प्रतिपिंडं मिळतात. ती आजाराशी लढतात, तशीच लशीलाही निष्प्रभ करतात. ती कधी संपतील हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळं असल्याने मात्रांची माळ लावावी लागते. एक चुकली, तर नेमकी त्याच वेळी पिल्लाच्या अंगावरची ढाल गळून पडलेली असू शकते.

इथे एक पेच येतो. तीन ते साधारण १४ आठवडे हा पिल्लाच्या स्वभावाला वळण लागण्याचा काळ. लहान मुलं, दाढीवाले काका, रिक्षाचा हॉर्न, कुकरची शिट्टी यांची ओळख या वयात झाली नाही, तर पुढे त्याच गोष्टींची भीती बसते आणि घाबरलेला कुत्रा चावतो. लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला कोंडून ठेवलं, तर ही संधी निघून जाते. त्यावर सोपा उपाय म्हणजे कडेवर घेऊन जग दाखवायचं. पण रस्त्यावर, जिथे इतर कुत्री शी-शू करतात, तिथे खाली सोडायचं नाही.

जंतांचंही तसंच. गोलकृमी पिल्लाला आईच्या पोटातूनच मिळतात, नंतर दुधातूनही. त्यामुळे पिल्लू गुबगुबीत दिसलं, तरी जंताचं औषध वेळापत्रकानुसार द्यावंच लागतं. या जंतांची अंडी मातीत दोन-तीन आठवडे राहिली की माणसाला बाधक होतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात गेली, तर यकृताला, क्वचित डोळ्यालाही इजा करतात. शी रोजच्या रोज उचलणं आणि जेवणाआधी हात धुणं, यात यावरचा बराचसा उपाय आला. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा-लसूण आणि माणसांची पॅरासिटामॉल पिल्लापासून लांबच ठेवावीत.

एवढं सगळं करताना घरातलं मोठं माणूस थकतं. रात्री दोनदा उठणं, फरशी पुसणं, चावरे दात. ‘आपण हे का केलं?’ असं वाटून अपराधी वाटतं. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये या अवस्थेचा अभ्यास करून ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. चिंता, वैताग आणि थकवा अशा तीन धाग्यांची ही अवस्था बहुतेकांच्या बाबतीत काही काळाने ओसरते. तोवर घरातल्यांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. दुधाचे दात पडून सहा-सात महिन्यांत पक्के दात येतात, तसं कुरतडणंही कमी होतं. उदासी मात्र आठवडे उलटूनही हटत नसेल, तर डॉक्टरांशी बोलावं.

या कष्टांचं मोलही मिळतं. जपानमधल्या संशोधकांना २०१५ मध्ये असं आढळलं, की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि बाळ यांच्या जिव्हाळ्यामागे असलेलं हेच संप्रेरक. मोबाइलमध्ये मान घातलेला मुलगा संध्याकाळी पट्टा घेऊन बाहेर पडतो, आजोबांना सकाळी फिरायला जायला कारण मिळतं आणि ‘करणार कोण?’ विचारणारी आजीच पोळीचा पहिला तुकडा त्याच्यासाठी बाजूला ठेवते.

पिल्लू आणायचं ठरलंच असेल, तर ते दोन महिन्यांचं होईपर्यंत आईजवळ राहू द्यावं. आणल्यावर पहिली भेट पशुवैद्यकाची. त्याच्या लशींच्या तारखा फ्रिजवर, बाळाच्या लसीकरणाच्या तक्त्याशेजारी लावाव्यात. पाण्याचं भांडं भरण्याचं काम मुलांकडे द्यायला हरकत नाही; तारखा मात्र घरातल्या एका मोठ्या माणसाने स्वतःकडे ठेवाव्यात.